उंदरांना लागू पडलेलं औषध

प्रिय अप्पा,

आज दुपारी आमची चाचणी बंद झाली. घरी येऊन चहा केला, तो तसाच गार झाला. कोणाशी बोलावं सुचेना, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मूत्रपिंडाचा आजार रोखणारं ते औषध. बारा वर्षं त्याच्यामागे होते मी. उंदरांना लागू पडलं, तेव्हा सरस्वतीपुरमच्या आपल्या शिंपीकामाच्या दुकानात तुम्ही मशीन थांबवून गिऱ्हाइकांना सांगत बसला होता. शर्टाचं माप घेता घेता उंदरांची मूत्रपिंडं समजावायचा!

माणसांवर चाचणी सुरू होईतो तुमचं डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसवरच्यांना घ्यायचं नाही, असा नियम होता. तो ठरवणाऱ्यांत मीही होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

"उंदरांना देतेस, मला का नाही गं पुट्टी?" एवढंच विचारलंत. मी नियम सांगत राहिले. तुम्ही म्हणालात, "इरली, राहू दे." पुन्हा विषय काढला नाहीत. काढायला हवा होता, अप्पा. भांडायला हवं होतं माझ्याशी.

त्याऐवजी काय केलंत? टी. नरसीपूर गावचे शिवण्णा, तुमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा आजार अजून सुरुवातीचा होता. डायलिसिस नसेल त्या दिवशी जाऊन, बसमध्ये शेजारी बसवून त्यांना माझ्याकडे आणलंत. चाचणीत त्यांचं नाव लागलं. पाच महिन्यांनी तुम्ही गेलात.

शिवण्णा नेमाने येत राहिले. तब्येत टिकून आहे. "तुमच्या वडिलांनी हात धरून आणलं म्हणून जगलो," असं दर वेळी मला म्हणतात.

कोणाला काय मिळालं ती, इतके दिवस आमच्यापासूनही झाकलेली यादी आज उघडली. औषध घेणारे आणि तुलनेसाठी नुसत्या पिठाच्या गोळ्या घेणारे, दोन्ही गटांत काही फरक नाही. शिवण्णांना पिठाच्याच मिळाल्या होत्या.

म्हणजे तुम्हाला दिलं असतं तरी उपयोग झाला नसता. हे कळावं म्हणून किती तळमळले, आणि कळल्यावर हलकं वाटलंच नाही. का? मी तुम्हाला नाही म्हणाले तेव्हा मला तरी हे कुठे ठाऊक होतं?

प्रयोगशाळेत पुढच्या औषधाचं बोलणं सुरू झालंय. मला नुसतं पडून राहावंसं वाटतं.

चाचणीतल्यांना पत्राने कळवायची पद्धत आहे. शिवण्णांकडे मात्र मी रविवारी स्वतः जाईन. सगळं कन्नडमध्ये, सोप्या शब्दांत सांगेन. मग मी बरा कसा, असं ते विचारतील. मला ठाऊक नाही, असंच म्हणेन. आणि ते उठा म्हणेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
पुट्टी