श्वास न घेणाऱ्या सहाशे चौदा वस्तू

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, ताईची बदली आणि जावयांचा खोकला या तिन्हींचं पुढे काय झालं ते सविस्तर कळवावं. तुमचं पत्र परवा पोचलं. त्यातल्या मुख्य विषयाकडे मी शेवटी येतोच, पण आधी इकडची ताजी बातमी. प्रादेशिक संग्रहालय संघाच्या वगळणी समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत होणार नाही. संघाच्या सचिवबाईंनी आज सकाळी फोनवर स्वतः सांगितलं आणि मी ते दोनदा वदवून घेतलं. तुमची भाचेसून म्हणाली, "बैठक होणार नाही म्हणून नाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." (मी नाचलो नव्हतो. फोनच्या वायरीत पाय अडकला होता.) या बातमीत आनंद मानण्यासारखं काय आहे, ते समजायला जरा मागे जावं लागेल. तुम्ही पाय वर घेऊन बसा.

आमचं वजनमापांचं संग्रहालय नगरपालिकेच्या पाणी विभागाच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या खोलीत तराजू, दुसरीत मापं आणि खोट्या वजनांचं कपाट. (आतून पोखरलेली, तळाला मेण लावलेली, वरून अगदी सभ्य दिसणारी वजनं. लोक मुद्दाम तेच कपाट बघायला येतात आणि आपापल्या दुकानदाराची आठवण काढतात.) गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला आणि पाणी नेमकं माझ्या टेबलावर आलं. खाली पाणी विभाग, वर पाणी, मध्ये मी. मी खाली जाऊन तक्रार दिली, ती एक मजला वर चढायला अकरा दिवस लागले. तराजूंना काही झालं नाही, ते बिचारे सगळं तोलून धरायला शिकलेले आहेत. पण नोंदवही गेली. तीस वर्षांची वही, एकेका वस्तूची नोंद असलेली, तिचा लगदा झाला. मी तो गच्चीवर वाळत घातला, तर त्याची वीट झाली. आणि नगरपालिकेच्या करारात स्पष्ट कलम आहे की ज्या संग्रहालयाकडे पूर्ण नोंदवही नाही ते संग्रहालय नव्हे, अडगळ आहे. (शब्द थोडे वेगळे आहेत, अर्थ हाच.) करार एक तारखेला आपोआप पाच वर्षांनी वाढतो, मात्र त्याआधी खोल्या रिकाम्या करण्याचा हुकूम माझ्या हातात पडला नाही तरच. कर विभागाला या खोल्या कधीपासून हव्या आहेत. त्यांचा माणूस येऊन कपाटांसाठी भिंती मोजूनही गेला, आणि त्यासाठी मापपट्टी माझ्याकडूनच मागून घेतली.

आता संघाचं सांगतो. संघाचं म्हणणं असं की संकटात सापडलेल्या सभासदाला एकटं पडू द्यायचं नाही. त्यासाठी त्यांची फोनसाखळी आहे. अडचणीतल्या माणसाने यादीतल्या पुढच्या सभासदाला फोन करायचा, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत सगळ्यांना कळतं. मी मंगळवारी फोन केला. गुरुवारी मलाच फोन आला. यादी गोल आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यादीत माझ्या आधीचे कुलूप संग्रहालयवाले अतिशय हळव्या आवाजात सांगत होते की एका वजनमापवाल्याच्या इमारतीत छातीएवढं पाणी शिरलंय, गृहस्थ तीन दिवस तराजूत बसून आहेत, तरी तुम्ही शक्य ती मदत करा. मी म्हटलं, "अहो, तो मीच." ते म्हणाले, "मग हिंमत धरा," आणि फोन ठेवला. त्यानंतर हिंमत धरण्याविषयी एक परिपत्रकही आलं. त्याची पोच सात दिवसांत पाठवायची होती.

मी मनातून संघाचा नाद सोडला होता, पण सोमवारी सकाळी दार उघडतो तर पायरीवर संघाचं मदतपथक. पथक म्हणजे दिवे संग्रहालयाच्या बाई आणि तेच कुलूपवाले, दोघं आपापली संग्रहालयं दोन आठवडे बंद करून आलेले. बाईंच्या हातात नंबर घालायच्या पांढऱ्या रंगाची बाटली, अगदी बारीक ब्रश आणि कोरी करकरीत नोंदवही. मला खरंच भरून आलं. कुलूपवाल्यांनी मला धीर द्यायच्या आधी दाराचं कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि "हे? हे कुलूप आहे?" एवढंच विचारून खाली ठेवलं.

बाईंची कामाची पद्धत ऐका. या धंद्यातले जाणते लोक नोंद करताना निवड करत नाहीत. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे ठरवायला लागलं की वाद होतात आणि वस्तू सुटतात. म्हणून दारापासून सुरुवात करायची, उजव्या हाताने फिरत यायचं आणि जे श्वास घेत नाही त्याला नंबर द्यायचा. महत्त्वाचं काय ते नंतर वगळणी समिती ठरवते आणि बाकीचं नोंदीतून काढून मोकळं करते. मला ही पद्धत आधी पटली. पहिल्या दिवशी तराजू झाले, तेव्हाही पटत होती. दुसऱ्या दिवशी माझी चहाची किटली सत्त्याण्णव झाली आणि जेवणाचा डबा एकशे तीन. ("डबा, स्टीलचा, तीन मजली. स्थिती: वापरातला, आत भाजी.") नोंद झालेली वस्तू संघाच्या लेखी परवानगीशिवाय इमारतीबाहेर नेता येत नाही, आणि हे कलम नगरपालिकेनेच करारात घालून घेतलंय, कारण पूर्वी कोणी तरी पितळी मापं घरी नेऊन त्यात तुळशी लावल्या होत्या. तेव्हापासून मी रोज 'अभ्यासासाठी वापर' अशी चिठ्ठी भरून एकशे तीनमधून जेवतो. डबा घरी का येत नाही, हे बघायला तुमची भाचेसून स्वतः आली. बाईंनी तिला शांतपणे नियम समजावला. ती म्हणाली, "डबा ठेवा हवा तर, पण यांनाही नंबर घालून इथेच ठेवून घ्या." बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. त्या दिवसापासून दुपारी खुर्चीत डोळे मिटले तरी मी अधूनमधून मुद्दाम खोकतो.

नगरपालिकेचे तपासनीस शुक्रवारी यायचे होते, ते गुरुवारीच आले. माणूस वाईट नाही. बारीक चणीचा, पायातल्या चपला जोडीने नीट काढून ठेवणारा, काम चोख. येताना निळी फाईल घेऊनच आले होते आणि तिच्यात हुकूम सही-शिक्क्यानिशी तयार होता. नोंदवही नाही एवढं डोळ्यांनी बघायचं आणि कागद माझ्या हातात ठेवायचा, एवढंच काम. त्यांनी मला ते जिना चढतानाच सांगितलं, म्हणजे मला वर पोचून धक्का बसू नये. दुसऱ्या खोलीत फाईल टेबलावर ठेवली, छत्री टेबलाला टेकवली, आणि तेवढ्यात खालच्या पाणी विभागातून त्यांना कोणी हाक मारली म्हणून खाली गेले. पंधरा मिनिटं लागली. आणि बाई उजव्या हाताने फिरत फिरत नेमक्या त्या टेबलापाशी आलेल्या.

साहेब वर आले तोवर फाईल सहाशे तेरा झाली होती आणि छत्री सहाशे चौदा. ("फाईल, पुठ्ठ्याची, निळी, दोरीसकट. एक कोपरा दुमडलेला. आतील मजकूर: सरकारी.") रंग अजून ओला होता. साहेब म्हणाले, "अहो बाई, ती माझी फाईल आहे!" बाई ब्रश पुसत म्हणाल्या, "होती." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी कुलूपवाल्यांकडे पाहिलं, कुलूपवाल्यांनी छताकडे पाहिलं. मग साहेबांनी कराराची प्रत मागितली, ते कलम उभ्यानेच वाचलं, पुन्हा बसून वाचलं आणि म्हणाले, "हे कलम मीच लिहिलंय." त्यांना निदान हुकूम उतरवून न्यायचा होता. बाईंनी चिठ्ठी भरायला दिली, फाईल समोर ठेवली आणि हातातलं पेन काढून पेन्सिल दिली, कारण नोंदलेल्या कागदाजवळ शाई चालत नाही. चिठ्ठीत वापराचा हेतू म्हणून साहेबांनी "स्वतःचीच आहे" असं लिहिलं. पण पेन्सिलीने उतरवलेल्या हुकमाला कोण विचारतं? दोन ओळी उतरवून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

आत्या, इथे मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं. दुसरा कोणी आरडाओरडा करून फाईल काखेत मारून निघाला असता. हे म्हणाले, "नोंदवही आहे असं दिसतंय. मग मला ती तपासावी लागेल." आणि सहाशे चौदाच्या सहाशे चौदा वस्तू त्यांनी एकेक करून ताडून पाहिल्या. संध्याकाळचे पाच वाजले. किटली पाहिली, डबा उघडून पाहिला, आपली छत्री पाहिली आणि तिच्यापुढे आपणच बरोबरची खूण केली. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "एकही कमी नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच बघतोय." मी बाईंना नंतर बाजूला घेऊन विचारलं की फाईलचं हे तुम्ही जाणूनबुजून केलंत का. त्या म्हणाल्या, "टेबलाच्या आधी कपाट होतं, त्याच्या आधी खिडकी. तुम्हीच क्रम बघा." मी क्रम बघितला. क्रम बरोबर आहे. मात्र खिडकीवर एक दिवस आणि टेबलावर पाच मिनिटं कशी लागली, ते मी विचारलं नाही.

आता पुढचं असं. साहेब तीस तारखेला फेरमोजणीला येणार आहेत. नोंद आणि वस्तू पुन्हा तंतोतंत जुळल्या, तर एक तारखेला करार पाच वर्षांनी वाढतो आणि मग समितीने वीस तारखेला फाईल वगळली तरी आतला हुकूम शिळा झालेला असेल. पण एकही वस्तू कमी भरली, तर ते जागच्या जागी शाईने नवा हुकूम लिहितील. तसं त्यांनी मला जिना उतरतानाच सांगितलं. बाहेर पाऊस होता, ते भिजत गेले.

मोठ्यांना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. तुम्ही घर बदलताना माझ्या संग्रहालयाच्या दुसऱ्या खोलीत ठेवलेलं शिवणयंत्र, जे तुम्हाला आता नातीसाठी हवंय असं पत्रात लिहिलंत, ते चारशे दोन आहे. मी बाईंना सांगितलं होतं की याचा मोजमापाशी संबंध नाही. त्यांनी टाक्याची लांबी ठरवायची चकती फिरवून दाखवली आणि त्यावरचे एक ते सात आकडे मला मोठ्याने वाचायला लावले. तेव्हा येत्या शनिवारी, म्हणजे सत्तावीसला, जावयांना टेम्पो घेऊन पाठवते असं जे तुम्ही कळवलंय, ते कृपा करून तीसच्या पुढे, समितीची बैठक होईपर्यंत ढकला. सबंध पत्राचा मुद्दा हाच होता. आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं वाचलंच नसतं.

ता. क. २. सोबत यंत्र नोंदीतून वगळण्याच्या अर्जाचा एक छापील कागद आहे. त्यावर यंत्राच्या "मूळ मालकाची" सही लागते. 'मूळ' या शब्दाने मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांनाच तसं लिहितात.

ता. क. ३. हे पत्र पोचायच्या आत जावई निघाले असतील, तर त्यांना एवढाच निरोप द्या की टेम्पो फाटकाच्या बाहेर, रस्त्यावरच उभा करा आणि किल्ली खिशात ठेवा. बाई शनिवारपर्यंत इथेच आहेत, आणि रंग अजून अर्धी बाटली शिल्लक आहे.