पोटरीवरचा फोड

मंगळवार, ५ जानेवारी

"गरम करायचं काम तुझंच ना?" – सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या! हो, माझंच. ऑपरेशन झालेला माणूस गारठून बाहेर येतो, त्याला ऊब द्यायची. भाजायचं नाही!

शिंपीकाकांच्या पोटरीवर आज मोठा फोड दिसला. काल त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पाठीत इंजेक्शन, कमरेखाली सगळं बधिर. बाहेर आणलं तेव्हा दातावर दात आपटत होते. गरम हवेचं मशीन एकच, ते शेजारच्या पेशंटला लावलेलं. मी तापवायच्या कपाटातलं गरम ब्लँकेट घातलं, वरून दुसरं, डोक्याला टोपी, पायांत मोजे. सिस्टर म्हणतात, मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. ती तर आमच्याकडे बंद आहे. बधिर पायाला चटका कळतच नाही! हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी विसरेन? घराचं कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस मी!

पिशवी कुणालाच सापडलेली नाही. तरी पिशवी माझीच.

बुधवार, ६

भावोजी जेवताना म्हणाले, "तू पेशंट बरे करतोस की शेकतोस?" आणि स्वतःच हसले. ताई म्हणाली, "तू तोंड उघडू नकोस. पुढच्या महिन्यात कायम करणार आहेत ना?" म्हणजे मी चोरासारखा गप्प बसू? जमणार नाही. मेट्रनबाईंकडे गेलो. म्हटलं, चौकशी करा. सगळ्यांना समोरासमोर बोलवा. "शनिवारी बघू," म्हणाल्या.

गुरुवार, ७

कमाल झाली! शिंपीकाकांनी मेट्रनबाईंना सांगितलं – "पिशवी मीच मागितली. त्या पोराला रागावू नका." कधी मागितली? ते फक्त "हुडहुडी भरलीय रे" म्हणाले होते! दया दाखवून माझ्याच गळ्यात घातली. शिव्या परवडल्या असत्या.

शुक्रवार, ८

आज विचारलंच. "काका, खोटं का बोललात?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. त्यांची सून बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर डबा.

"हळू बोल. तिने ठेवली रे. बघायला आत सोडली होती ना, शालीखालून आणली. मी काकडत होतो, तिला बघवेना. जाताना घेऊनही गेली. फोड दिसल्यापासून रडतेय."

"मग सांगा की तसं!"

"माझा लेक फार तापट. तिला माहेरी धाडायला निमित्तच शोधतोय. बापाला भाजलं म्हटल्यावर उंबरा चढू देणार नाही. तुला काय, चार शब्द ऐकावे लागतील."

"चार शब्द? काका, माझी नोकरी जाईल! मी अजून कायम नाही."

त्यांचा चेहराच उतरला. "हे मला ठाऊक नव्हतं रे," म्हणाले. मग, "उद्या खरं सांगतो."

सांगायलाच हवं! त्यांच्या घरची भांडणं मी का निस्तरायची? बाहेर पडताना तिने उठून वाट दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवार, ९

मेट्रनबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं; सुनेशेजारी काकांचा लेकही उभा होता. काका बोलायच्या आत मीच म्हणालो, चौकशी नको.

"म्हणजे तूच ठेवलीस?" मेट्रनबाई म्हणाल्या.

मी 'नाही' म्हणालो नाही. सोमवारपासून यायचं नाही, म्हणाल्या. ताईला अजून सांगितलेलं नाही.