स्वतःला दिलेले सात

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक देतेस ना? आमचं इथलं नेहमीसारखं. खिडकीसमोरच्या मैदानावर जवान धावत असतात आणि मी फायली उपसत असतो.

आमच्या पलटणीचे नवे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, हजर झाले. पूर्वी माझ्या हाताखाली होते, ते हसरे, सडपातळ. आपल्याकडे जेवूनही गेलेत, तुला आठवतील. यंदाचा माझा गोपनीय अहवाल आता त्यांनी लिहायचा. कर्नलपदासाठी निवड मंडळापुढे माझं नाव यंदा शेवटचं जाणार. नाही झालं तर आहे याच हुद्द्यावर निवृत्ती. माझ्याबद्दल लिहायचा त्यांना संकोच वाटतो. म्हणाले, तुम्हीच भरून द्या, मी डोळे मिटून सही करतो. नियमात बसत नाही, पण सर्रास चालतं.

इतकी वर्षं माझ्याबद्दल काय लिहिलं गेलं ते मला कधी दिसलं नाही. सगळं बंद पाकिटातून जायचं. आता कोरा फॉर्म टेबलावर आहे आणि काही सुचत नाही. आनंद नाही, भीतीही नाही.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
घुम्या

११ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुचत नाही म्हणजे काय रे? मुख्याध्यापिका असताना मी ढ पोरांच्या प्रगतिपुस्तकातसुद्धा चार बरे शब्द शोधून लिहायचे. नऊपैकी गुण द्यायचे असतात ना? मग सगळीकडे नऊ लिही नि मोकळा हो. आठ मिळाले तरी माणूस मागे पडतो, असं तूच म्हणायचास. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, बाबा. तुझे भावोजी म्हणतात, हा स्वतःच्या लग्नात पाहुण्यासारखा बसला होता, हा कसलं स्वतःचं कौतुक लिहितोय! मी त्यांना दटावलं, पण हसू आलंच.

थट्टा पुरे. तुझ्या बायकोनं लिहिलंय की हल्ली जेवताना तू एक शब्द बोलत नाहीस. मला काळजी वाटते. हरिश्चंद्राचा अवतार या एका कागदापुरता बाजूला ठेव.

पत्राची वाट पाहते.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सात लिहिले. धाडसाला तेवढे आठ. माझ्या हाताखालच्यांना मी असेच देत आलोय: सात म्हणजे चांगला, नऊ म्हणजे हजारात एखादा. तोच गज स्वतःला लावला.

सीओंनी खरोखरच न वाचता सही केली. पाकीट बंद करताना त्यांचं लक्ष गेलं, तसे धावत घरी आले. बसलेसुद्धा नाहीत. नवा फॉर्म पुढे केला आणि अगदी विनवून सांगितलं की नऊ घाला, वेळ गेलेली नाही. मी नको म्हटलं. बायको चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

माझ्याबद्दल लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं, ताई, आणि ते मला पटलं. फाडायचं जिवावर आलं.

रागावशील, माहीत आहे.

घुम्या

१० मार्च

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

नऊ लिहायला हात मोडला होता का? खरेपणा तुझा आणि निस्तरायचं मात्र तुझ्या बायकोनं! बिचारी किती वर्षं सामान बांधतेय नि सोडतेय. तिला एकदा तरी विचारायचंस.

दोन दिवस तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. एक कबूल करते. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं असतं. तू माझा भाऊ आहेस, म्हणून राग येतो.

जेवत जा.

ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यादी लागली. माझं नाव नाही. ज्यांची नावं आहेत त्यांना फोन करून अभिनंदन केलं, जेवलो, झोपलो. बायकोनं विचारलं, वाईट वाटतंय का. काहीच वाटत नव्हतं, तसंच सांगितलं.

सातांची गोष्ट मात्र कशी कोण जाणे सगळीकडे पसरली. माझ्या हाताखाली तीन तरुण कॅप्टन आहेत. चांगली मुलं, नकाशा वाचण्यापासून सगळं मीच शिकवलेलं. त्यांचे अहवाल मी लिहायचे. या आठवड्यात तिघंही एकेकटे येऊन बदलीचा अर्ज देऊन गेले. एकाची आई आजारी, दुसऱ्याला हवा मानवत नाही. तिसऱ्यानं खरं ते सांगितलं. जो माणूस स्वतःला सात देतो तो आम्हाला काय देणार, म्हणाला. त्याला वर जायचंय. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

तिन्ही अर्जांवर शिफारस लिहून सही केली. यादीच्या दिवशी कोरडे राहिलेले डोळे तिसऱ्या सहीला भरून आले, ताई. दार लावून घेतलं आणि रडलो. पोरं मला टाळून पळाली याचं फार फार वाईट वाटलं.

बायकोला अजून सांगितलेलं नाही, आज सांगेन. सुट्टी मिळाली की दोघंही येतो. येऊ ना?

तुझा,
घुम्या