चौघांची सहल

४ डिसेंबर

समुद्राचं ठरलं. काल जेवणं झाली आणि ताटं तशीच ठेवून सगळे फोनात डोकी घालून बसले. मोठी नात वाचत होती – निळं पाणी, माडांच्या रांगा, डोंगरात कोरलेल्या मूर्ती, संध्याकाळी ढोलावरचा नाच. धाकटी म्हणाली, मूर्ती राहू देत, पाण्यात कधी उतरायचं ते सांग. मुलगा म्हणाला, नुसतं पाण्यात डुंबायला नाही जायचं, तुम्हाला आपली संस्कृती कळली पाहिजे.

संस्कृती बघायला तिकीट काढायचं. घरातली म्हातारी फुकट आहे म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

लिही, हेही लिही. हसू नकोस.

ही लिहिणारी म्हणजे शेकवाली. माझ्या गुडघ्यांना व्यायाम द्यायला एक दिवसाआड सकाळी येते. आधी वीस मिनिटं गरम पिशवीचा शेक, मग पाय वर, पाय खाली. शेकाच्या वीस मिनिटांत तिला काम नसतं आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ही वही. वही तिच्या पिशवीत राहते. घरात ठेवली तर सगळे वाचतील, फक्त मलाच वाचता येणार नाही. हा कुठला न्याय?

६ डिसेंबर

सुनेने काल मला विचारलं. विचारलं म्हणजे काय, भाजी निवडता निवडता मान वर न करता – "आई, तुम्ही येणार ना?"

मी म्हटलं, "मला कशाला? पुढेमागे राख घेऊन जाणारच आहात तिकडे. दोन खेपा कशाला करता?"

सगळे हसले. धाकटी तर खुर्चीवरून पडायची राहिली. झकास दिवस गेला.

१० डिसेंबर

परवा शेकवालीला विचारलं, वाळूत चालताना पाय कसा टाकायचा? ती म्हणाली, वाळू पायाखालून सरकते आजी, गुडघ्याला सवय लागते. मग माझीच गादी दुहेरी घालून तिच्यावर मला अनवाणी चालवलं. बारा पावलं. शेवटची दोन तिच्या खांद्याला लटकून.

तिने विचारलं, जायचं ठरलं वाटतं? मी म्हटलं, अजून दोनदा विचारायचेत ना.

तिला समजावून सांगावं लागलं. माझ्या सासरी रीत होती. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा 'बघू'. तिसऱ्यांदा विचारलं की मगच हो. पहिल्या फटक्याला हो म्हणणारी बाई हावरट. सासूबाईंनी एकदा मला दूध विचारलं, मी लगेच घेतलं, तर वर्षभर तो किस्सा ऐकवला. तेव्हापासून मी तिसऱ्या खेपेची माणूस झाले.

सुनेच्या माहेरी भूक लागली की सरळ ताट मागतात. एकोणीस वर्षं झाली तिला या घरात. शिकली असेल एव्हाना.

१४ डिसेंबर

गादीवर चोवीस पावलं.

घरात रोज समुद्र चालू आहे. मुलगा म्हणतो किल्ला बघू, संग्रहालय बघू. नाती म्हणतात होडी. सून काही म्हणत नाही, ती यादी करते. कुणाच्या गोळ्या, कुणाचं मलम, कुणाला कुठल्या बाजूची खिडकी, कुणाला मासे चालत नाहीत. पाठीला बाक आलाय तिच्या, त्या यादीवर वाकून.

दुसऱ्यांदा अजून कुणी विचारलं नाही. घाई कसली?

१८ डिसेंबर

समुद्र मी कधी पाहिला नाही. पण ओळखत नाही असं नाही.

एकतीस वर्षं आमचं इस्त्रीचं दुकान. पावत्या नवरा लिहायचा. माझ्या हाती कपडे. मला अक्षर येत नाही म्हणून मी कपड्याच्या आतल्या बाजूला दोऱ्याची खूण घालायची – डॉक्टरांच्या घरचे दोन लाल टाके, बँकवाल्यांची निळी फुली, मास्तरांचा एकच पिवळा. दोनशे घरं मी टाक्यांवरून सांगायची. एकतीस वर्षांत एक रुमाल हरवला नाही. वाचता येणाऱ्यांच्या दुकानात रोज भांडणं.

सुट्ट्या संपल्या की समुद्र आमच्या दुकानात यायचा. विजारींच्या खिशातून वाळू पडायची. सदऱ्यांच्या गळ्याशी मिठाच्या पांढऱ्या रेघा, इस्त्री फिरवली की खारट वास उठायचा. मी नवऱ्याला म्हणायची, एकदा जाऊन येऊ. तो म्हणायचा, आपण गेलो तर लोकांचे कपडे कोण करणार? लोक तिकडे, त्यांचे कपडे इकडे, आणि मी मध्ये इस्त्री धरून. तो गेला तेव्हा दुकान तीन दिवस बंद होतं. त्याची तेवढीच सुट्टी.

२२ डिसेंबर

चाळीस पावलं! शेकवालीने टाळ्या वाजवल्या. मी तिला म्हटलं, समुद्र गादीपेक्षा लांब असेल ग.

कपाटावरची माझी कापडी पिशवी खाली काढून उन्हात टाकली. मोठीने विचारलं, ही कशाला आजी? मी म्हटलं, वास येतोय. खोटं बोलले.

२८ डिसेंबर

सून काल कपडे घेऊन आली. म्हणाली, "आई, मागच्या वेळी हॉटेलातल्या धुलाईत मोठीचे दोन टॉप बदलून आले. तुमच्या त्या दोऱ्याच्या खुणा घालून द्याल?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चष्मा चढवला, रिळं काढली. मुलाला हिरवा, सुनेला तांबडा, मोठीला निळा, धाकटीला पिवळा. तिने चार ढिगारे लावून ठेवले होते. मी दुपारभर टाके घातले. हात अजून विसरला नाही.

पाचव्या ढिगाऱ्यासाठी मी पांढरा दोरा बाजूला काढून ठेवला होता.

टाके संपले तरी पाचवा ढिगारा येईना. शेवटी मी विचारलं, "आणखी कुणाचे राहिलेत का?"

"नाही आई, चौघांचेच."

असं म्हणून ढिगारे उचलून गेली. वरून म्हणाली, किती सुबक घातलेत.

३० डिसेंबर

आज काही लिहू नकोस. शेक दे फक्त.

१ जानेवारी

धाकटीला पकडलं. तिला लपवता येत नाही, अजून नववीत आहे. म्हटलं, काय ग, आजीला नाही नेत वाटतं?

ती म्हणाली, "तूच तर म्हणालीस ना आजी, राख न्या म्हणून. आई बाबांना म्हणाली, त्या नाही म्हणतात. बाबा म्हणाले, बरं झालं, तिथे पायऱ्या फार आहेत."

बरं झालं.

सुनेने निदान एकदा विचारलं. ज्याला मी वाढवला, ज्याला तिन्ही खेपा तोंडपाठ आहेत, जो लहानपणी पाहुण्यांकडे लाडवाच्या ताटाकडे बघत तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसायचा – त्याने एकदाही नाही. तो पायऱ्या मोजत होता.

आणि मी? माझ्या जिभेला कोण काय म्हणणार? सगळ्यांना हसवलं. चांगलं हसवलं.

५ जानेवारी

शेकवाली म्हणते, आजी, सरळ सांगून टाका की मला यायचंय.

मी म्हटलं, मागून घेऊ? या वयात? ती म्हणाली, मग बसा. चांगलीच आहे जिभेची. माझ्याकडून शिकली असेल.

गादीवर चालले नाही. गादी झोपायला असते.

९ जानेवारी

सांगितलं.

काल सकाळी सगळे चहाला बसलेले. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मला समुद्राला यायचंय."

मुलगा म्हणाला, "आई, आत्ता? अगं, चौघांचं पॅकेज आहे." मग त्याने सहलवाल्या ऑफिसला फोन लावला, आणि मला ऐकू जावा म्हणून मोठ्याने बोलला. एकही जागा नाही. कुणाचं नाव बदलायचं असेल तर सोमवारपर्यंत बदलता येईल, वाढवता येणार नाही. त्याने फोन ठेवला. चेहरा वाईट वाटल्यासारखा केला. "पुढच्या वर्षी नक्की, आई."

पुढचं वर्ष हे लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दाखवायचं गाजर. मुलांना निदान मिळतं तरी.

सून स्वयंपाकघराच्या दारात कप पुसत उभी होती. म्हणाली, "माझं नाव काढा. आईंना घाला."

मुलगा म्हणाला, छे, काहीतरीच काय. तुझ्याशिवाय कसं होणार? टॉवेल कुठे, गोळ्या कुठे, आम्हाला काय माहीत. ती म्हणाली, यादी देते.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, जाल ना?"

रीतीप्रमाणे मी म्हणायचं होतं – नाही ग बाई, तू जा, तुझं वय आहे. मग तिने आग्रह करायचा, मग मी 'बघू' म्हणायचं. मी म्हटलं, "जाईन."

पहिल्या फटक्याला. सासूबाई वरून बघत असतील तर बघू देत.

शेकवाली, तू का थांबलीस? लिही. तिची जागा मी घेतली असं लिही. गोड करून लिहू नकोस.

१३ जानेवारी

सून माझी पिशवी भरतेय. रागाचं एक अक्षर नाही. मला रागावलेली माणसं समजतात, ही नाही समजत. माझा तर्क असा की उद्या चारचौघांत म्हणायला – बघा, सासूसाठी समुद्र सोडला. म्हणू दे. मी सासू झाले ती काही चांगलं म्हणवून घ्यायला नाही.

तरी तिचे तांबड्या टाक्यांचे कपडे तिने परत कपाटात लावले ते मी बघितलं. बघायला नको होतं.

मी म्हटलं, तुला वाईट वाटत असेल. ती म्हणाली, "तुमच्या गुडघ्याचा पट्टा वरच्या कप्प्यात ठेवलाय हं, आई."

१५ जानेवारी

उद्या निघायचं. त्रेपन्न पावलं. शेकवाली म्हणाली, परत आलात की सांगा सगळं. म्हटलं, परत आले तर.

२६ जानेवारी

आले.

समुद्र मोठा आहे. तेवढं मला कपड्यांवरून कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोन नातींच्या मध्ये धरून पाण्यापर्यंत गेले. पाणी पायावर आलं आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेलं. मी ओरडले. धाकटी म्हणाली, आजी, घाबरलीस? म्हटलं, नाही, कुणीतरी चादर ओढतंय असं वाटलं.

मग रोज एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. कोरलेल्या मूर्ती बघितल्या, एकीचं नाक गेलेलं. नाच बघितला. मुलाने संस्कृतीचे तीनशे फोटो काढले आणि त्यांतल्या सहांत मी आहे, एका बाजूला.

पण खरी गंमत मुलाची. दिवसातून सहा वेळा सुनेला फोन. डोकेदुखीची गोळी कुठे, मोबाइलची वायर कुठे, धाकटी अंगाला लावायचं मलम नको म्हणते, काय करू. यादी खिशात, तरी फोन. दुसऱ्या दिवसापासून तिने उचललाच नाही. तो माझ्यावर चिडला, तुझ्यामुळे ती रुसली म्हणे. मीही तेच समजले. समुद्रासमोर बसून आठ दिवस तेच मनात चघळलं – की मी तिचं ओरबाडून आणलं.

येताना तिच्यासाठी शिंपल्यांची माळ आणली. तिने गळ्यात घातली, छान आहे म्हणाली, आणि चौघांचे खारट कपडे भिजवायला गेली.

२८ जानेवारी

शेकवाली आज शेकाची पिशवी गुडघ्यावर ठेवता ठेवता सहज बोलून गेली. आम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती इथे विसरलेली ही पिशवी न्यायला आली होती. सकाळचे अकरा. सून गाऊनवर, केस मोकळे, पाय खिडकीत टाकून बसलेली. फोन बंद करून डब्यात ठेवलेला. हिने म्हटलं, वहिनी, समुद्र हुकला तुमचा, वाईट वाटत असेल. सून इतकी हसली म्हणे, की चहा सांडला.

तिला समुद्र नकोच होता. तिला आठ दिवस आम्ही नको होतो.