रिकाम्या गल्लीतली चोरओटी

५ डिसेंबर, गुरुवार
ऊसतोडीला माणसं नेणारा शेवटचा ट्रॅक्टर जाऊन पंधरा दिवस झाले. गल्लीत घरं चौदा, कुलपं अकरा. कुत्रीसुद्धा भुंकायची बंद झालीत. भुंकायचं तरी कुणावर.

माझा भरत चुलतभाऊ बाळूला घेऊन उसाला गेलाय. तिकडं एकट्याला कुणी ठेवून घेत नाही. एक तोडणारा, एक मोळ्या बांधणारा, जोडीच लागते. बाकी सगळे नवरा-बायको. भरतच्या बायकोला, रेखाला, पाचवा महिना लागलाय म्हणून औंदा सून माझ्याजवळ.

जवळ लिहिलं खरं. एका घरात आहोत एवढंच. आज दिवसभरात तिचे शब्द: "पानी तापलंय." "शेळी सोडू का?" "जेवा." बाकी सगळं मीच बोलते. चुलीशी, शेळीशी.

८ डिसेंबर, रविवार
आशाताई स्कूटीवर आली. वजन केलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. "बाळ हालतंय का गं?"
रेखानं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाई अजून."
"लागंल कळायला. घाबरू नको. कळलं की आधी घरात सांग."
मी शेळीला पाला टाकत होते. हात तसाच राहिला. मागच्या साली याच महिन्यात... जाऊ दे.

११ डिसें.
तिला फोडणीचा वास सोसत नाही. कांद्याचा तर नाहीच. आज दोन्ही वेळा नुसत्या ताकात भाकरी कुस्करली. मी बांधावर जाऊन वाटीभर बोरं आणली. गुडघ्यानं वाटेत दोनदा खाली बसवलं. वाटी चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. दुपारी बघितलं तर वाटी धुऊन पालथी. बिया कोपऱ्यात.
आज आमचं तेवढंच बोलणं झालं.

१३ डिसेंबर, शुक्रवार
दुपारी भरतचा फोन. ती फोन घेऊन अंगणात गेली. हसली. तिचं हसू ऐकून किती दिवस झाले, मी जात्याजवळ उभी राहून ऐकत राहिले. मग मला फोन दिला.
"आये, आता कसं हाय? आठ दिस झाले म्हनं हालतंय पोटात."
मी म्हणाले, "व्हय. बरं हाय."
मला काय माहीत. आठ दिवस! म्हणजे आशाताईनं विचारलं तेव्हाही हलत होतं, अन् माझ्याकडं बघून ती नाही म्हणाली.

राग नाही आला. रागवायचं तोंडच नाही मला. मागच्या साली आम्ही तिघं उसावर होतो. मी कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, सैपाक बघायची, ती दोघं उसाच्या फडात. एक दिवस सकाळी ही म्हणाली, "आत्याबाई, पोटात कळ येती." मी म्हणाले, "आमी बी बांधावर बाळंत झालो. असं बसून ऱ्हायलं तर उसाचे वाढे बांधनार कोण? ऊठ." ती उठली. संध्याकाळच्या आत सगळं संपलं होतं.
त्यावर ती एका शब्दानं मला बोलली नाही. मीही नाही. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात. आमच्या घरात गहूसुद्धा पडून आहेत.

१६ डिसें.
पलीकडची गोदाबाई आली. वय सत्तर, जीभ विशीतली. म्हातारा दोन वर्षं खाटेवर.
"शांते, पाचवा चाललाय अन् चोरओटी न्हाई भरली? येड लागलं का तुला?"
म्हणलं, कोण भरणार? हिची आई दुसऱ्या टोळीत, कर्नाटकात. गल्लीतल्या सवाशिणी सगळ्या उसात. मागं उरलो आम्ही पांढऱ्या कपाळाच्या.
"मी हाय की! माजं कुंकू खाटंवर पडलंय, पन हाय ना जित्तं?"
"पाच लागत्यात, गोदाबाई."
"मग मी पाचदा येईन. चोराचीच ओटी हाय, कोन मोजायला येतंय?"
रेखा आतून ऐकत होती. भांडं घासायचा आवाज थांबला होता.

१९ डिसेंबर, गुरुवार
गोदाबाई खरंच पाचदा आली. पाटावर रेखा. सुपात गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, हिरवा खण. गोदाबाईनं पहिली ओंजळ स्वतःच्या नावाची भरली. मग दाराबाहेर गेली अन् गावातल्या एकेकीची नक्कल करत, कमरेवर हात ठेवून परत आली. "मी सुमन. आत्ताच कारखान्यावरनं आले बया, टायरगाडीवरच बसून!" दुसरी ओंजळ. मग नाक वर करून, "मी पाटलाची मोठी सून, मला बसायला खुर्ची द्या." तिसरी. चौथ्यांदा लंगडत आली, "मी कमळ. पायावर कोयता पडलाय, पन ओटीला आले हो." रेखा पदरात तोंड घालून हसत होती. खांदे हलत होते. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरात माणसं भरल्यासारखं वाटलं.

पाचव्यांदा गोदाबाई बाहेर गेलीच नाही. उंबऱ्यावर टेकली. "दमले बाई मी. पाचवी तू."
मला वाटलं गंमत. नव्हती.
"हितनं पुढं हिचं कोन करनार हाय? सुमन का कमळ? भर, शांते."
रेखाचं हसू थांबलं. पदर तसाच पसरलेला. मी हात पुसले, चुलीवर काही नसताना "दूध उतू जातंय" म्हणत आत गेले.
माझा हात नको लागायला. एवढंच मनात होतं. एकदा लागला तेवढा पुरे.
बाहेर आले तर तिनं चार ओंजळींवरच गाठ मारली होती. पुरण केलं होतं. तिनं शिवलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार
भरतचा फोन. बाळू पळाला. पाठीत उसण भरली म्हणून त्याच्या गावाकडं निघून गेला. जोडी मोडली.
"मंगळवारी आपल्याकडनं हिकडं जीप येनार हाय मान्सं घेऊन. रेखाला बसव. कोयता धरू देनार न्हाई मी तिला. नुसत्या मोळ्या बांधील."
"मोळी काय फुलांची असती का रं?"
"आये, मग मी काय करू? हितं एकट्याला कोन ठिवील?"
पोरगं रडकुंडीला आलं होतं. त्याचंही खोटं नाही.
मी पुढचं काही बोलायच्या आत रेखानं माझ्या हातातनं फोन घेतला. "येते मी." अन् बंद केला.
मी म्हणाले, "अगं, पाचव्यात? मागल्या वक्ताला..."
ती म्हणाली, "हितं तरी मी कुनापाशी हाय?"
बॅग भरायला घेतली. दोन लुगडी, गोळ्यांचं पाकीट, तवा.

२३ डिसेंबर, सोमवार
आज सांगितलं. सकाळी ती शेणानं अंगण सारवत होती, मी समोर जाऊन बसले, उन्हातच. म्हणाले, मागच्या साली मी तुला "ऊठ" म्हणाले. म्हणायला नको होतं. तवापासून रोज ते "ऊठ" माझ्या कानात आहे. तू नको जाऊस.
ती सारवतच राहिली. खालीच बघून म्हणाली, "मला वाटलं तुमी इसरलाव."
"कशी इसरन गं?"
"मग त्या दिशी वटी कावून न्हाई भरली? मला वाटलं, ह्यांना हे बी नगं हाय."
मी कपाळाला हात लावून दाखवला. "ह्याच्यामुळं. माजा हात लागायला नगं म्हनून."
ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलली. "मागल्या साली पाच सवाशिनींनी भरली व्हती, आत्याबाई. राह्यलं का?"
मी उठून शेळीला पाला टाकायला गेले.
दुपारी विचारलं, मग थांबतीस का? म्हणाली, "त्यांना येते म्हनलंय. त्यांचं काय?"
बॅग रिकामी केली नाही.
मग मी माझं गाठोडं बांधलं. वाढे बांधायला मलाही येतात. तीस वर्षं तेच केलंय. भरतला जोडी पाहिजे ना? सासू काय अन् बायको काय, मुकादमाला हात मोजायचेत. गोदाबाईला विचारून आले, हिच्या सोबतीला येशील का? म्हणाली, "म्हाताऱ्याची खाटच तुज्या वट्यावर आनते. पन शांते, तुजे गुडगे?"
गुडघ्यांचं गुडघे बघतील.
रेखाला अजून सांगितलं नाही. गाठोडं दिसलंच असेल.

२४ डिसें., मंगळवार
जीप आली. दहाला म्हणाला होता, साडेआठलाच आला. जीपवाला वट्यावर चहा पितोय, तेवढ्यात लिहिते.
दारात दोन ओझी आहेत. तिची बॅग अन् माझं गाठोडं. तो म्हणाला, "भरतनं एकच शीट सांगितलीया. कोन हाय यायचं?"
आम्ही दोघी उभ्या.
मग रेखा खाली बसली, माझ्या गाठोड्याची गाठ सोडली. आत हात घातला.
"कोयता बी घेतलाव की."
"घेतलाय."
"गंजलाय हा."
"तितं धार लावून घेईन."
"अन् सकाळी पाचला उठून वाकनार? ह्या गुडग्यांनी?"
"तू वाकनार हायस का? त्या पोटानं?"
ती कोयता हातात घेऊन बसून राहिली. मग आत गेली. फोन कानाला लावलेला दिसला. भरतलाच असणार. आवाज बारीक येतोय, शब्द कळत नाहीत. एकदा मात्र "न्हाई" मोठ्यानं म्हणाली. कशाला न्हाई म्हणाली, काय माहीत.

जीपवाला हॉर्न वाजवायला निघाला होता. ती आतूनच ओरडली, "आत्याबाई, त्याला अजून एक कप द्या. थांब म्हनावं जरा."
चहा गाळते.