बंद दाराआडची वाफ

सोमवार, ४ मार्च

डोळे अजून चुरचुरतायत. पाण्याचे हबके मारून झाले, गार रुमाल ठेवून झाला, काही उपयोग नाही. आज पार्लरमध्ये एकापाठोपाठ एक सगळी स्मूदनिंगचीच, केस सरळ करून घ्यायचीच गिऱ्हाईकं. ते औषध केसांना चोपडायचं, वाळवायचं आणि मग तापलेला स्ट्रेटनर वरून खाली ओढायचा. फस्सकन वाफ उठते ती थेट आपल्या तोंडावर. एसी चालू म्हणून दार बंद, खिडकी बंद. वरचा हवा बाहेर फेकणारा पंखा कधीचा बिघडलाय, त्यात आता कोळी राहतो.

शेवटची बाई सारखी डोळे पुसत होती. थोरली तिला म्हणाली, "आत्ता रडून घ्या, घरी गेल्यावर आरशापुढे हसायचंच आहे!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग खोकला आला तो थांबेना.

मालकीण दुसरी कुणी असती तर केव्हाच बोलले असते. पण मालकीण म्हणजे थोरली जाऊ! दुकानात भांडा आणि संध्याकाळी घरी एकाच ओट्यापाशी उभ्या राहा.

बुधवार, ६ मार्च

बाटल्यांवाला आला होता, नवा माल दाखवायला. मी विचारलंच, यात असतं तरी काय? त्याने मोठ्या हिरव्या अक्षरांवर बोट ठेवलं. 'फॉर्मल्डिहाइड नाही.' म्हणजे तो विषारी वायू यात नाही. "वाचा ना ताई, स्वच्छ लिहिलंय."

लिहिलंय खरं.

पण एका गिऱ्हाइकावर करून बघायला थोरलीने स्ट्रेटनर हातात घेतला तसा हा फोन कानाला लावून बाहेर पायरीवर! फोन वाजलाच नव्हता. काचेतून बघत होते मी. ओठसुद्धा हलत नव्हते त्याचे. वाफ विरली तसा आत येऊन म्हणतो, "बघा, कसे रेशमासारखे झालेत!"

झाले होते रेशमासारखे. हेही खरंच.

थोरलीला सांगितलं, तर म्हणे, "तुला ना, सगळ्यांच्या पोटातलं दिसतं."

शनिवार, ९ मार्च

मी खिडकी उघडली. थोरलीने लावली. मी उघडली. तिने लावली. खुर्चीतली बाई म्हणाली, "तुमचं आधी ठरू दे, मग माझ्या डोक्याला हात लावा."

मंगळवार, १२ मार्च

आज वाजलंच आमचं.

मी म्हटलं, ताई, हे बंद करू या. नाहीतर निदान पंखा तरी दुरुस्त करून घेऊ. घसा सोलवटलाय माझा. ती फणी आपटून म्हणाली, "मला तर काही वासबिस येत नाही! तुझंच नाक तेवढं राजकन्येचं. लोक येतात ते ह्याच्यासाठी येतात. नुसत्या कात्रीवर दुकान चालवून दाखव, मी उद्या कुलूप तुझ्या हातात देते."

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी मधे पडत नाही. दोन जावांच्या मधे पडलेला माणूस पुन्हा उभा राहिलेला बघितला नाही मी."

राग येतो, आणि राग टिकत पण नाही. मोठे दीर गेले तेव्हा सगळे म्हणत होते, ही आता माहेरी जाईल. ती गेली नाही. दुसऱ्यांच्या दुकानात डोकी धुतली, मग स्वतःचं उभं केलं. कात्री कशी धरायची तेही मला तिनेच शिकवलं, माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून. अशा माणसाला कसं म्हणायचं, की तू आम्हाला विष हुंगायला लावतेस?

तरी म्हणायला हवं. पण कसं?

शुक्रवार, १५ मार्च

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

गाण्याच्या बाई आल्या होत्या, शाळेत शिकवतात त्या. नेहमी केस कापायला येतात, आज म्हणाल्या स्मूदनिंग करा, लेकीने हट्ट धरलाय. खुर्चीत बसता बसता सहज बोलल्या, "मला थोडा दमा आहे. चालतं ना?"

मी म्हटलं, "नको बाई. तुम्ही करू नका." स्पष्ट म्हटलं.

थोरलीने माझ्या हातातली फणी काढून घेतली. "हिला सगळ्याचीच भीती वाटते. चालतं हो! कितीजणी करून जातात." तिनेच सगळं केलं. मी मागे टॉवेल घड्या घालत बसले. निघून गेले नाही, आणि बघवतही नव्हतं.

पुढचे केस ओढताना वाफ सरळ बाईंच्या नाकातोंडात गेली. आधी खोकला. मग खोकला नाहीच, नुसता शिट्टीसारखा आवाज. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले त्यांनी. थोरली "पाणी आण, पाणी आण" म्हणत राहिली. पाण्याने काय होणार होतं! मी दार सताड उघडलं, त्यांना काखेत धरून बाहेर पायरीवर बसवलं, पर्समधला दम्याचा पंप शोधून तोंडाला लावला. ओठ निळसर पडले होते. रिक्षा मिळाली. सबंध रस्ता मी एकच म्हणत होते, हळू घ्या श्वास, हळू. आणि माझा मलाच सापडत नव्हता.

वाचल्या. आजची रात्र दवाखान्यात ठेवणार आहेत. अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे, तशाच झोपल्यात.

शनिवार, १६ मार्च

सकाळी भेटून आले. बोलल्या की धाप लागते, म्हणून मी बोलू देत नव्हते. तरी म्हणाल्या, "तू नको म्हणाली होतीस ना गं." रागाने नाही. त्यानेच जास्त लागलं.

तिथल्या डॉक्टरांना बाटलीचा फोटो दाखवला. म्हणाले, "नाही असं छापलं म्हणजे नसतं, असं नाही. कधी वेगळ्याच नावाने घातलेलं असतं, आणि तापवलं की तोच वायू सुटतो. तुमचे डोळे चुरचुरतात ना? मग आणखी काय पुरावा हवा?"

थोरली काल संध्याकाळपासून खोलीतून बाहेर आलेली नाही. दवाखान्यातही आली नाही. दुकान बंद.

सोमवार, १८ मार्च

आज जे कळलं ते कसं लिहू.

बाहेर कपडे वाळत घालत होते. घरात आले तर जळका वास, शेगडीवरून धूर निघालेला! दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलेलं. आणि थोरली दोन हातांच्या अंतरावर, शेगडीकडे पाठ करून, मेथीच्या काड्या मोडाव्यात तशी बोटं मोडत बसलेली. मी ओरडले, "ताई! दूध!" ती दचकली. वळून बघेपर्यंत तिला पत्ताच नाही.

मी गॅस बंद केला. मग काय मनात आलं कोण जाणे, फिनेलची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. तिने तोंडही फिरवलं नाही.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून. हळूहळू गेला." मग ओट्यावरचं दूध पुसत, "सर्दी असेल वाटलं. मग वाटलं, कुणाला सांगायचं? तू म्हणायचीस वास येतो, मला वाटायचं आता मी बोलले तर सगळं बंद करावं लागेल. आणि बंद करून खायचं काय?"

मी तिला इतकं बोलले होते! खोटारडी समजत होते मनातल्या मनात. खोटं बोलतच नव्हती ती. तिला खरंच वास येत नव्हता.

आम्ही दोघींनी मिळून पातेलं घासलं. निघालं नाही.

गुरुवार, २१ मार्च

गाण्याच्या बाईंकडे थोरली स्वतः गेली. मला दारातच थांबवलं. आत काय बोलली माहीत नाही. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. म्हणाली, "चहा दिला गं मला त्यांनी. मारलं असतं तरी बरं वाटलं असतं."

येताना पंखेवाल्याकडे थांबली.

सोमवार, २५ मार्च

दुकान उघडलं. स्मूदनिंग बंद. पहिल्याच बाईने तोंड वाकडं केलं, "समोर करतात, मी तिकडे जाते." थोरली म्हणाली, "जा. पण खिडकी उघडायला लाव, आणि डोळे चुरचुरले तर अर्ध्यातून ऊठ, केसांचं काय व्हायचं ते होऊ दे." ती बाई गेलीच. पण दारात एकदा थांबली, एवढं मी पाहिलं.

दिवसभर दोनच डोकी. नवा पंखा मात्र असा घोंघावतो की बोललेलं ऐकू येत नाही. तेही एक बरंच.

मंगळवार, २६ मार्च

नाकाच्या डॉक्टरांकडे थोरलीला घेऊन गेले. मी आपली सोबतीला! नाकातून बारीक नळी घालून आतलं पडद्यावर दाखवतात. थोरलीने माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही त्याच खोलीत काम करता ना? आलाच आहात तर बसा." बसले. दोघींच्याही नाकातला बारीक तुकडा काढून तपासायला घेतला.

बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, "राजकन्येचं नाकही शेवटी आमच्यासारखंच निघालं की!" कितीतरी दिवसांनी हसलो.

शनिवार, ३० मार्च

थोरलीचा तुकडा स्वच्छ.

माझ्या तुकड्यात काहीतरी सापडलंय; सोमवारी परत बोलावलंय, घरच्या माणसाला घेऊन. थोरली म्हणाली, ह्यांना अजून सांगू नकोस, मी येते. रस्ताभर तिने माझा हात सोडला नाही.