बांधणीला गेलेली वही

जून १९५१

बाबा, एटेल्काचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

हे पत्र टपालाने न पाठवता दूधवाल्या बालिंतच्या हाती देतेय. काल जिल्ह्याच्या दप्तरखान्यात दोन सरकारी माणसं आली. आपल्या गावच्या जुन्या जमीनमालकांची वही मागत होती. त्यात तुमचंही नाव आहे, आणि नाव सापडलं की माणसांना घरातून उचलून ट्रकने नेतात. वही माझ्याच कपाटात होती. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

आमचे म्हातारे केलेमेन साहेबच म्हणाले, "ती बांधणीला गेलीय. शुक्रवारी या."

माणसं गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. "पोरी, घरी लिही. शुक्रवारनंतर मला खोटं बोलता येणार नाही."

आईला घेऊन उद्याच सेगेदला मावशीकडे निघा. गाय शेजारी बांधा, पण तिच्या गळ्यात पडून रडत बसू नका, लोक बघतील.

तुमची एटेल्का